सोलरवाल्याने घातली १,४७,५०० रुपयांची टोपी

नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. नाहीतर फोटोसकट टाकलं असतं.

प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. सूर्यघर योजनेत छतावर ३ किलोवॅटचं सोलर, खर्च १,९८,०००, त्यातले ७८,००० अनुदानाचे परत येणार, म्हणजे १,२०,००० मध्ये काम. आकडे खोटे नव्हते. पहिल्या दोन किलोवॅटना ३०,००० प्रमाणे आणि तिसऱ्याला १८,००० खरंच मिळतात, तेही थेट ग्राहकाच्या खात्यात. योजना खरी असली की तिचं नाव घेऊन दारात आलेला माणूसही खरा वाटतो.

त्यात शिफारस मागच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांची. त्यांच्या गच्चीवर पॅनल चालू, बिल नावापुरतं, आणि ते काम यानेच उभं राहून करून घेतलेलं. आता मला मूर्ख म्हणणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी याहून जास्त काय तपासलं असतं?

बुकिंगचे ५,००० देताना क्यूआर स्कॅन केला. कोटेशनवर फर्मचं नाव, मोबाइलवर मात्र कुणा बाईचं. मी विचारलं. "मिसेसचं खातं आहे काका, फर्मच्या खात्याचं केवायसी चाललंय." आणि मी पिन दाबला! साखर कारखान्याच्या अकाउंट्सला जन्म गेला माझा. बिलावर एक आणि चेकवर दुसरं नाव दिसलं तर पार्टीला गेटवरून परत पाठवायचो. त्या दिवशी मात्र समोर चहाचे कप, ही पोह्यांचं विचारतेय, आणि पोरगा 'काका काका' करतोय. कोण उठवणार त्याला? पैसे फर्मच्याच खात्यात जातील, नाहीतर जाणार नाहीत, एवढं म्हणायला तोंड उघडलं नाही, त्याची चीड अजून जात नाही.

पुढे २,५०० 'फाइल चार्जेस', मग ७५,००० अ‍ॅडव्हान्स. विक्रेता नोंदणीचं प्रमाणपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, शिक्क्यासकट. त्यावर फर्मच्या नावापुढे 'एनर्जी', कोटेशनवर 'एंटरप्रायझेस'. हे मला पैसे गेल्यावर दिसलं. कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर 'एनर्जी'वालेच निघाले, दुसऱ्या जिल्ह्यातले. फोन केला. म्हणाले, तो आमच्याकडे मार्केटिंगला होता, काढून टाकलाय. शेजाऱ्यांचं काम तो नोकरीत असतानाचं!

नंबर टाकून नाव बघायला एक पैसा लागत नाही. योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे, तीही फुकट. प्रमाणपत्राचा फोटो म्हणजे तपासणी नव्हे.

कर्ज काढू म्हटलं तर तोच म्हणाला, बँकेच्या भानगडीत कशाला पडता. बँकेने त्याची नोंदणी मागितली असती ना!

अर्जही त्यानेच माझा मोबाइल हातात घेऊन भरला, ओटीपी मी वाचून दाखवला. नंतर मुलीने लॉगिन केलं तर अर्ज नुसता नोंदवलेला, विक्रेता निवडलेलाच नाही. लॉगिन स्वतः करा, येत नसेल तर घरातल्या पोरांना बसवा.

मग दोन फॅब्रिकेटर आले. स्लॅबला भोकं पाडून, वॉटरप्रूफिंग फोडून त्यांनी पाइपांचा सांगाडा उभा केला. अर्थिंगला तीन खड्डे लागतात, खणला एक. वायरमन कुठाय विचारलं तर "उद्या येतोय, परमिटवाला आहे". विद्युत ठेकेदाराचा परवाना राज्य सरकार देतं, त्यावर नंबर आणि मुदत असते. तो कागद काम सुरू होण्याआधी हातात घ्या. "पॅनल गाडीत चढलेत" म्हणून ६५,००० नेले आणि फोन बंद. एकूण १,४७,५००. पहिल्याच पावसात देवघरात गळायला लागलं.

पोलीस ठाण्यातली कथा ऐका. "काम सुरू केलं ना त्याने? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." म्हणजे चार पाइप उभे केले की जवळजवळ दीड लाख पचवायला मोकळा! खोटं प्रमाणपत्र दाखवलं, दुसऱ्याचा जीएसटी नंबर छापला, हे दिवाणी? १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे, पैसे तुम्हीच समोर बसून दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. वीज कार्यालयात साहेब मीटिंगमध्ये, क्लार्क म्हणाला विक्रेता निवडणं ग्राहकाची जबाबदारी. जबाबदारी ग्राहकाची, मग भिंतीवर योजनेची पोस्टरं कशाला लावता? ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने तक्रार क्रमांक दिला. तोही चालेल, कागदाला कागद जोडता येतो.

ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ती सोय आहे. मी पाठवलाय. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार टाकली, ५ लाखांपर्यंत फी नाही. चॅट आणि यूपीआयच्या पावत्या डिलीट करू नका, रागाच्या भरातसुद्धा. माझ्या हातून अर्धं चॅट गेलं होतं, मुलीने बॅकअपमधून काढलं.

याच माणसाने आणखी कुणाला गंडवलं असेल तर कळवा, एकत्र जाऊ.

परवा खऱ्या फर्मचा माणूस येऊन सांगाडा बघून गेला. पाय हलके आहेत, वाऱ्याला टिकणार नाही, काढावाच लागेल म्हणाला. काढायचे ६,००० मागतोय. म्हटलं, आधी परवाना दाखव. दाखवला. मुलीने नंबर तपासला, मगच आतून चहा आला.