हॅचरीसाठी बॅसिलस प्रोबायोटिक पावडर: दोन बॅच वापरून झाल्यावर
आमच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) जिताड्याच्या पिल्लांसाठी ही बॅसिलस नावाच्या उपयुक्त जिवाणूंची पावडर दोन बॅच वापरली. पावडर चांगली आहे, पण पाकिटावर वापरायची जी पद्धत दिलीय तिच्या नादी लागू नका.

पाकीट म्हणतं पाण्यात टाका. पहिल्या बॅचला मी तेच केलं, रोज सकाळी टाकीत ओतायचो. आता आमच्या टाकीचं पाणी सारखं बदलतं, त्यात ते यूव्हीतून (जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्यातून) फिरून येतं, म्हणजे काही बॅक्टेरिया वाहून गेले आणि उरले ते यूव्हीत मेले असणार. शिवाय बॅसिलसला स्वतःला ऑक्सिजन लागतो, एअरेशन (पाण्यात हवा सोडणं) वाढवायचं काम वाढलं ते वेगळंच. मरतूक होती तेवढीच राहिली. पिंजऱ्यातल्या माशांसाठी तर पाण्यात टाकणं म्हणजे समुद्रात ओतणंच झालं, तिथे खाद्यातूनच द्यायला हवी.

दुसऱ्या बॅचला रोटिफरमधून (पिल्लांना खायला घालतात त्या सूक्ष्म जीवांमधून) दिली आणि इथे खरा फरक दिसला. पिल्लाचं तोंड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडतं, तेव्हा आतड्यात फारसं काही नसतं, जो आधी घुसेल त्याला जागा मोकळी. त्यात समुद्रातला मासा पाणी पितो, बाहेरच्या मिठामुळे अंगातलं पाणी सतत कमी होत असतं म्हणून त्याला प्यावंच लागतं, मग पाण्यात असेल ते सगळं पोटात. आणि व्हिब्रिओ (पिल्लांना रोग करणारे जिवाणू) जास्तीत जास्त येतो तो रोटिफर नि आर्टेमियाच्या (हेही पिल्लांचं जिवंत खाद्य) अंगावरून, म्हणून रोटिफर गाळून, स्वच्छ समुद्राच्या पाण्यात धुऊन, थोडा वेळ पावडरीच्या पाण्यात ठेवले आणि मग पिल्लांना घातले. एक टाकी मुद्दाम पावडरीशिवाय ठेवली होती. तिच्या तळाशी रोज जास्त मेलेली पिल्लं निघायची आणि टीसीबीएस प्लेटवर (व्हिब्रिओ वाढवून बघायची प्लेट) कॉलन्याही दाट यायच्या. एकाच बॅचचा अनुभव आहे, पण मी तरी आता हे सोडणार नाही.

लेबलवर सबटिलिस आणि लायकेनिफॉर्मिस अशी बॅसिलसच्या जातींची नावं आहेत, एका ग्रॅममध्ये किती सीएफयू (म्हणजे किती जिवंत जिवाणू) तेही आहे, हे मला फार आवडलं, कारण आधी आणलेल्या दुसऱ्या एका पाकिटावर नुसतं 'उपयुक्त जिवाणू' लिहिलेलं, त्यावरून काय कळणार? बॅसिलसचे स्पोर (टणक कवचातली सुप्त अवस्था) असतात त्यामुळे पावडर कोरडी ठेवली की टिकते, गोळी खाद्य बनवतानाची उष्णताही बरीच सोसते. लॅक्टोबॅसिलसवालं (या जिवाणूंना स्पोर नसतात) घेतलंत तर तयार गोळीवर तेलासोबत वरून लावा, नाहीतर सगळे मरतील.

रोग पसरल्यावर हिच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका, आणि अँटिबायोटिक चालू असताना दिली तर ही पण त्यात मरू शकते. देणं बंद केलं की हे बॅक्टेरिया आतड्यात फार दिवस राहत नाहीत, त्यामुळे नियमित द्यावी लागते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण किती खारट पाण्यात टेस्ट केलीय ते कुठेच लिहिलेलं नाही, गोड्या पाण्यातली स्ट्रेन (जिवाणूचा वाण) ३५ पीपीटीला, म्हणजे समुद्राइतक्या खारट पाण्याला, चालेलच असं नसतं. मी शेवटी समुद्राच्या पाण्यात कालवून प्लेटवर वाढवून बघितली, वाढली, पण हे काम कंपनीचं होतं.