दोन आबा, दोन वाटा: आमदारकीचं स्वप्न बघताय तर आधी हे बघा

निवडणुकीचं वारं सुटलं की आमच्याकडं कुणी ना कुणी तरणा कार्यकर्ता येतोच, म्हणतो दादा आता उतरायचंच, कुठल्या पक्षात जाऊ, आधी झेडपी लढू का डायरेक्ट विधानसभेची तयारी करू. मी त्याला पक्षांचं काही सांगत बसत नाही, दोन माणसांचं सांगतो. एक सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि दुसरे तासगावचे आर. आर. पाटील. दोघांनाही लोक आबाच म्हणायचे, दोघंही दुष्काळी पट्ट्यातले, दोघंही साध्या राहणीचे आणि दोघांनाही सुरुवातीपासून पाण्याचाच प्रश्न पुढ्यात. पण वाटा एवढ्या वेगळ्या की एकाची वाट धरायची तर दुसऱ्याची सोडावी लागते, आणि हे ज्याला लवकर कळतं त्याची दहा वर्षं वाचतात.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकील माणूस. 1962 ला शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून, सांगोल्यातून निवडून आले आणि मग 2014 पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून एकूण 11 वेळा आमदार. काँग्रेस जोरात होती तेव्हाही शेकाप, युतीची लाट आली तेव्हाही शेकाप, आणि 2014 ला मोदी लाटेत सगळ्या राज्यातनं शेकापचे फक्त 3 आमदार आले त्यातले एक हेच, तेव्हा वय पंच्याऐंशीच्या पुढं.

आर. आर. आबांचं गणित दुसरं. जन्म 1957 चा, गाव अंजनी, घरची गरिबी, कमवा आणि शिका योजनेत राबून शिक्षण झालेलं. 1979 ला सावळज गटातून झेडपीवर गेले, म्हणजे बाविशीच्या आतबाहेरचं वय. तिथं अकरा वर्षं काढली आणि मग 1990 ला काँग्रेसकडून तासगावचे आमदार. 1999 ला पवारसाहेबांनी राष्ट्रवादी काढली तेव्हा त्यांच्याबरोबर गेले. तेव्हापासून ग्रामविकास मंत्री, गृहमंत्री, 2004 ला उपमुख्यमंत्री. विधानसभेला सलग 6 वेळा निवडून आले, कधी पडलेच नाहीत.

आता मला महत्त्वाचं काय वाटतं ते सांगतो. सगळे जिंकण्याचं विचारतात, मी म्हणतो पडल्यावर काय करणार ते आधी ठरवा. गणपतराव दोनदा पडलेत, 1972 ला आणि 1995 ला. 1995 चा पराभव 192 मतांचा, शहाजीबापू पाटलांकडून. मतपत्रिकांचा जमाना, गठ्ठे बांधून मोजायचे, आणि 192 म्हणजे काय तर एखाद्या वाडीवस्तीचं मतदान. तेहतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आमदार झालेला माणूस एवढ्याशा मतांनी पडला तर कुणीही खचेल, नाहीतर दुसरा पक्ष बघेल, ऑफर काय कमी येतात का अशा माणसाला. हा गडी तिथंच राहिला, त्याच पक्षात, त्याच लोकांत, सूतगिरणीचं काम, पाण्याची आंदोलनं, आणि 1999 ला परत निवडून आला. 2019 ला ते स्वतः थांबले आणि नातू उभा राहिला तो 768 मतांनी पडला, परत शहाजीबापूच समोर. 2024 ला दुसरा नातू डॉ. बाबासाहेब शेकापकडूनच उभा राहिला आणि त्यानं सीट परत आणली. राज्यात त्या पक्षाची ती एकच जागा. म्हणजे पक्ष आटत गेला पण सांगोल्यातला माणूस टिकला, ते कशामुळं याचा विचार करा.

आर. आर. आबांच्या वाटेवर विधानसभेच्या पराभवाचा धडाच नाही, पण दुसरा एक धडा आहे. तो म्हणजे सत्तेतलं पद हे तुमचं नसतं. 26/11 च्या हल्ल्यानंतर त्यांच्या एका वाक्यावरनं गदारोळ झाला आणि 1 डिसेंबर 2008 ला उपमुख्यमंत्रीपद, गृहखातं सगळं सोडावं लागलं. 2009 ला पुन्हा गृहमंत्री झाले हे खरं, पण मधल्या काळात त्यांना जे सोसावं लागलं ते मला अजून लागतं. गणपतरावांचं मंत्रिपदही असंच गेलंय, फक्त कारण उलटं. 1999 च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात हे दोन्ही आबा एकत्र मंत्री होते. 2002 ला शेकापनं पाठिंबा काढला आणि गणपतरावांनी मंत्रिपद सोडलं. पक्षाचा निर्णय म्हटलं की विषय संपला. तुमच्यात ही तयारी आहे का हे स्वतःलाच विचारा, कारण छोट्या पक्षात मंत्रिपद क्वचित येतं आणि आलेलं असं जातं.

कामाच्या बाबतीत मात्र आर. आर. आबांची वाट मला मोठी वाटते, हे मनापासून सांगतो. गणपतरावांचं काम तालुक्यात दिसतं, सांगोल्यात जाऊन डाळिंबाच्या बागा बघा, सूतगिरणी बघा, आटपाडीच्या पाणी परिषदेला नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं वर्षानुवर्षं लावून धरलेला टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याचा प्रश्न बघा. पण ग्रामविकास खातं हातात आल्यावर आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं ते सगळ्या महाराष्ट्राच्या गावागावात पोचलं. आमच्या गावाला तपासणीची कमिटी येणार म्हणून आठ दिवस सगळं गाव झाडत होतं, मी शाळेत होतो, आमच्या वर्गाला वेशीजवळचा उकिरडा आला होता, सरपंच स्वतः घमेलं घेऊन उभे आणि म्हाताऱ्या बाया दारापुढं शोषखड्डा खणून घेतायत. बक्षीस काही मिळालं नाही पण तो शोषखड्डा आमच्या दारात अजून आहे. एका आमदाराचं काम त्याच्या मतदारसंघाबाहेरच्या पोराला असं लक्षात राहतं ते मंत्रिपदामुळंच, विरोधी बाकावरनं एवढं होत नाही, कितीही तळमळ असली तरी.

मग झेडपी का थेट विधानसभा? थोडं कोरडं पण कामाचं सांगतो. झेडपीला 21 वर्षं पुरी लागतात, विधानसभेला 25. विधानसभेचं डिपॉझिट जनरलला 10 हजार, एकूण वैध मतांच्या सहाव्या भागापेक्षा जास्त मतं नाही पडली तर जप्त. खर्चाची मर्यादा 40 लाख, आणि हा कागदावरचा आकडा बघूनच सामान्य घरचा पोरगा गप्प होतो. झेडपीचा गट आटोपशीर, मोटारसायकलवर फिरून होतो, माणसं नावानं ओळखता येतात. पण तिथं आरक्षण फिरतं, पाच वर्षं मेहनत करा आणि सोडतीत तुमचा गट दुसऱ्याच प्रवर्गाला निघाला तर घरी बसा नाहीतर शेजारच्या गटात परके व्हा. शिवाय 2001 नंतरच्या दोनपेक्षा जास्त मुलांचा नियम झेडपीला लागतो, आमदारकीला लागत नाही, हे कित्येकांना फॉर्म भरायच्या दिवशी कळतं. विधानसभेचा मतदारसंघ तेवढा लवकर बदलत नाही, पण बदलला की मोठा बदलतो. 2009 ला आर. आर. आबांच्या तासगावला कवठेमहांकाळ जोडला गेला, म्हणजे अर्धा मतदारसंघ नवा आणि तिथं अजितराव घोरपड्यांसारखा मुरलेला माणूस. 2014 ला तेच घोरपडे भाजपकडून समोर होते, तरी आबा निवडून आले. ते त्यांचं शेवटचं इलेक्शन, फेब्रुवारी 2015 मध्ये कॅन्सरनं गेले, वय फक्त 57. पुढं त्यांच्या पत्नी सुमनताई आमदार झाल्या आणि 2024 ला मुलगा रोहित.

एसटीत आमदारांसाठी राखीव म्हणून एक सीट असते, बघितली असेल. त्यावर आपण कायम कुणी आजी नाहीतर कॉलेजची पोरं बसलेली बघतो, खरा आमदार कधी दिसत नाही. गणपतराव एसटीनं फिरायचे. मला वाटतं त्यांची अकरा इलेक्शनं त्या सीटवर निघालीत, कारण स्टँडवर उतरलेल्या आमदाराला कुणीही गाठू शकतं, रेशनकार्डाचं सांगू शकतं, डीपी जळाल्याचं सांगू शकतं. गाडीच्या काळ्या काचेला कोण सांगणार.

म्हणून माझं म्हणणं असंय, घरात पैसा नाही, पाठीशी कुणी नाही आणि वय पंचविशीच्या आसपास असेल तर आर. आर. आबांसारखी झेडपीपासून सुरुवात करा, विधानसभेच्या तिकिटासाठी मुंबईच्या खेपा आत्ताच नकोत. पोटापाण्याचा धंदा किंवा नोकरी पक्की असेल, तालुका सोडून कुठं जायचंच नसेल आणि पंधरा-वीस वर्षं विरोधात बसायची तयारी असेल तरच छोट्या पक्षाचा झेंडा घ्या, अर्धवट मनानं घेऊ नका, दोन निवडणुकांत कंटाळून सोडलात तर त्या पक्षाचंही नुकसान आणि तुमचंही. आणि पक्ष कुठलाही घ्या, आधी गटातली मतदार यादी आणा, वहीत उतरवून काढा आणि प्रत्येक वाडीपुढं लिहा की इथल्या किती घरात मी आत जाऊन चहा प्यायलोय. 192 पर्यंत आकडा गेला की मला फोन करा, पुढचं बसून बोलू.