एफ-४५० पद्धतीची ड्रोन फ्रेम: हात पैकीच्या पैकी, स्क्रू काठावर पास

कोल्हापुरात उद्यमनगरात वर्कशॉप असल्यामुळे प्लास्टिकची वस्तू हातात आली, की आधी उलटी करून फासळ्या बघायची खोड. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या एफ-४५० फ्रेमची ही नक्कल भाच्यासाठी ऑनलाइन मागवली. त्याला हात, म्हणजे ज्यांच्या टोकाला मोटर बसते त्या चार दांड्या, ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे हवे होते. दिलेही असते करून, पण आपटल्यावर पाइप वाकतो, ठोकून सरळ केला तरी मोटर तिरकी ती तिरकीच राहते.

या फ्रेमचं खरं मोल हातांतच आहे. काचतंतू मिसळलेलं नायलॉन. पंख्याची ओढ वरच्या दिशेनं, म्हणून मुळाशी हाताला चांगली उंची दिलीय आणि टोकाकडं तो निमुळता केलाय. मधला माल काढून पत्र्याच्या शेडच्या कैचीसारख्या तिरक्या फासळ्या ठेवल्यात. वजन टोकाला जेवढं कमी, तेवढं ड्रोन चटकन वळतं. शिवाय पंख्याची हवा त्या मोकळ्या जागांतून खाली निघून जाते. सपाट रुंद पट्टी लावली तर तीच हवा अडते आणि बॅटरी फुकट जळते.

खालची प्लेट म्हणजे सर्किट बोर्डच. बॅटरीच्या वायरी आणि चारही ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) तिच्यावरच सोल्डर करायचे, वेगळा बोर्ड नको. वजन वाचवायचं ते असं. वरची प्लेट काढून वाचवायला जाऊ नका. दोन प्लेटांच्या मधे हात आवळले, की पेटीसारखा ताठपणा येतो. एक काढली की हात पिळायला लागतात आणि सगळी थरथर फ्लाइट कंट्रोलरला, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या बोर्डाला जाते.

समोरासमोरच्या मोटरांत ४५० मिमी, म्हणजे शेजारच्यांत साधारण ३१८. दहा इंची पंखा २५४ मिमीचा, दोन पंख्यांच्या टोकांमधे ६४ उरतात. भरपूर झाले.

आता तक्रारी. हातांत पितळी इन्सर्ट, म्हणजे स्क्रूसाठी आटे पाडलेल्या बारीक नळ्या, आहेत, कल्पना उत्तम. पण आमच्या एका हातातला इन्सर्ट स्क्रूबरोबरच गरागरा फिरत होता. सोल्डरिंग आयर्ननं तापवून परत दाबून बसवला. सोबतच्या स्क्रूंची डोकी मऊ, ॲलन की दोनदा घसरली की संपलं. चांगले स्क्रू वेगळे घ्या. मोटरचे घेताना लांबी व्हर्नियरनं तपासा. लांब पडला तर टोक थेट वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीत घुसतं आणि मोटर जाते.

वजनाचं म्हणाल, तर मूळ एफ-४५० नुसती फ्रेमच २८२ ग्रॅम. म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांतल्या २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या गटातून ती मोटर बसवायच्या आधीच बाहेर! ज्यांना रेसिंग करायचंय त्यांनी कार्बन फायबरकडं वळावं. पहिलं ड्रोन जोडणाऱ्या पोरांना मात्र मी हीच घ्या म्हणेन, हजाराच्या आसपास मिळते. फक्त दोन हात जादा मागवा. आपटलं की बहुधा हातच तुटतो, मोटर वाचते, आणि दहा मिनिटांत दुसरा बसतो.