पंधराशे, एकवीसशे की तीन हजार? २० नोव्हेंबरआधी दोन्ही बाजूंची आश्वासने शेजारी ठेवून

बुधवारी, २० नोव्हेंबर २०२४ ला, महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकाच टप्प्यात मतदान ठरले होते. हा मजकूर त्याआधीच्या दिवसांतला आहे, त्यामुळे पुढचे ‘आज’ म्हणजे तेव्हाचे. महायुतीने ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात दहा वचने दिली. दुसऱ्याच दिवशी मुंबईत बीकेसीच्या सभेत महाविकास आघाडीने पाच गॅरंट्या जाहीर केल्या. मग १० तारखेला भाजपचे संकल्पपत्र आणि आघाडीचा ‘महाराष्ट्रनामा’ एकाच दिवशी आले. विषय बहुतेक सारखेच आहेत, त्यामुळे चर्चा ‘कोण जास्त देतो’ इथेच अडकते. प्रत्येक आश्वासनाला खरे तर तीन प्रश्न विचारायला हवेत. ते पाळण्याचा अधिकार मुंबईत आहे की दिल्लीत? पैसा कुठून येणार? आणि लाभार्थ्यांची यादी कोणत्या अटीने गाळली जाणार? सगळ्यात जास्त लोक तिसऱ्या प्रश्नावर फसतात.

बहिणींच्या खात्यातले पैसे

लाडकी बहीण योजना जुलैपासून चालू आहे. महिना १,५०० रुपये मिळतात आणि नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये, बहुतेकींच्या खात्यात आले आहेत. महायुती हे २,१०० करू म्हणते. आघाडी महालक्ष्मी योजनेतून ३,००० देऊ म्हणते, शिवाय एसटीचा प्रवास मोफत.

सरकारने १,५०० च्या हिशेबाने या योजनेचा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी धरला आहे. बायकांची संख्या तीच ठेवली तर २,१०० ला ६४,४०० कोटी लागतात आणि ३,००० ला ९२,००० कोटी. राज्याचे २०२४-२५ चे अंदाजित महसुली उत्पन्न ४,९९,४६३ कोटी आहे. म्हणजे तिजोरीत येणाऱ्या दर शंभर रुपयांतले आज सुमारे नऊ या योजनेला जातात. २,१०० झाले तर तेरा जातील आणि ३,००० झाले तर अठराच्या वर. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचे व्याज आधी काढून ठेवावे लागते, हे लक्षात घेतले की उरलेल्या ताटात ही वाटणी किती मोठी आहे ते कळते. जूनच्या अर्थसंकल्पात महसुली तूट २०,०५१ कोटी दाखवली होती आणि जुलैतच ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. महायुतीच्या वाढीला लागणारे जादा १८,४०० कोटी जूनच्या त्या तुटीच्या जवळपास जातात. आघाडीचे जादा ४६,००० कोटी तुटीच्या दुपटीहून अधिक आहेत.

आकड्यावर पाहिले तर २,१०० जास्त पेलणारे आहे. पण पेलणारे म्हणजे लगेच मिळणारे नव्हे. भाजपने २०२३ मध्ये मध्य प्रदेशात लाडली बहनाची रक्कम टप्प्याटप्प्याने ३,००० पर्यंत नेऊ म्हटले होते, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये १,२५० वरच होती. काँग्रेसने तेलंगणात बायकांना मोफत बस आणि महिना २,५०० रुपये कबूल केले होते. सरकार ७ डिसेंबर २०२३ ला आले, बस ९ डिसेंबरला सुरू झाली, २,५०० अजून सुरू झालेले नाहीत. कर्नाटकात काँग्रेसने गृहलक्ष्मीचे २,००० ऑगस्ट २०२३ पासून दिले, मात्र काही महिने हप्ते रखडले. म्हणून दोन्ही बाजूंच्या उमेदवाराला ‘किती’ विचारू नका. ‘कोणत्या महिन्यापासून, आणि आजच्या यादीतल्या सगळ्यांना का’ हे विचारा.

पैसा अपुरा पडला की सरकार रक्कम सहसा कमी करत नाही, यादी कमी करते. लाडकी बहीणच्या अटी आधीपासून लिहिलेल्या आहेत: वय २१ ते ६५, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारा किंवा सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत नसावेत. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले, काटेकोर छाननी झालेली नाही. ज्या घरात मुलाच्या नावावर जुनी गाडी आहे तिथे वाढीव रकमेचा हिशेब मांडण्याआधी ही अट पुन्हा वाचावी. सत्तेवर कोणीही आले तरी कात्री इथेच लागण्याची शक्यता जास्त. आणि हप्ता आला नाही म्हणजे नाव कापले गेले असेही नाही. पैसे आधार ज्या बँकेशी शेवटी जोडले त्या खात्यात जातात, त्यामुळे बऱ्याच जणींचे हप्ते विसरलेल्या जुन्या खात्यात पडून आहेत. शाखेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे एवढे आधी विचारावे.

गॅसच्या बाबतीत मोठा वाटणारा आकडा लहान निघतो. आजच्या अन्नपूर्णा योजनेत पात्र घराला वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. मुंबईत नोव्हेंबर २०२४ मध्ये सिलिंडर साधारण ८०० रुपयांना पडत होता, म्हणजे बचत २,४०० ची. आघाडी वर्षाला सहा सिलिंडर प्रत्येकी ५०० रुपयांत देऊ म्हणते. ही सवलत अन्नपूर्णेच्या जागी आली तर बचत १,८०० ची होते, जोडीला आली तरच फायदा. अन्नपूर्णेत जोडणी बाईच्या नावावर असावी लागते आणि पुष्कळ घरांत ती अजून सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आहे.

एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहेच. मोफत प्रवासाचे आश्वासन उरलेल्या अर्ध्याचे. ते राज्याच्या हातात आहे आणि लवकर होण्यासारखे आहे. ज्या गावात दिवसाला एकच गाडी येते तिथे मात्र सवलतीपेक्षा दुसऱ्या फेरीची मागणी मोठी असायला हवी.

कर्जमाफी: मर्यादा, तारीख आणि ‘थकीत’ हा शब्द

महायुतीच्या दहा वचनांत कर्जमाफी आहे, रकमेची मर्यादा नाही. आघाडीने तीन लाखांपर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० प्रोत्साहन असे स्पष्ट लिहिले आहे. कागदावर आघाडीचे वचन जास्त नेमके आहे. पण मागच्या दोन माफ्यांत शेतकरी कुठे अडकला ते दोघांनाही लागू पडते.

२०१७ ला फडणवीस सरकारने ३४,०२२ कोटींची माफी जाहीर केली, दीड लाखापर्यंत. मर्यादा माणसाला नव्हती, कुटुंबाला होती. ज्याचे कर्ज दीड लाखाच्या वर त्याने वरची रक्कम आधी भरायची, मग सरकारचे दीड लाख यायचे. वरची रक्कम भरायला हातात पैसा नसलेला शेतकरी पात्र असूनही बाहेर राहिला.

२०१९ च्या डिसेंबरात ठाकरे सरकारने महात्मा जोतीराव फुले योजना आणली, दोन लाखांपर्यंत. ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेले पीककर्ज धरले, माणूसवार, अर्जाची भानगड नव्हती, आधार प्रमाणीकरण पुरे होते. राबवायला ती सोपी होती. पण मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांच्या वर गेलेले खाते त्या योजनेत पूर्ण बाहेर. दोन लाख पाच हजार थकले असतील तर मिळणार शून्य. नियमित फेडणाऱ्यांचे ५०,००० मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आणि खात्यात पडायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तोवर सरकारही बदलले होते.

म्हणून सभेत किंवा पारावर उमेदवार भेटला तर चार गोष्टी विचारा: कोणत्या तारखेपर्यंतचे कर्ज, फक्त पीककर्ज की मध्यम मुदतीचेही, मर्यादेच्या वरच्या खात्याचे काय, आणि पुनर्गठन केलेले कर्ज थकीत धरणार का. सोसायटीच्या सचिवाकडून आजच्या तारखेचा खातेउतारा काढून ठेवा, मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवलेला. माफी येणार म्हणून हप्ता थांबवणे हा सगळ्यात महागडा निर्णय. नव्या हंगामाचे कर्ज अडते, व्याज सवलत जाते, आणि कटऑफ तारीख मागची निघाली तर तुम्ही दोन्हीकडून गेलात.

सोयाबीन

२०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकले जात होते. भाजप ६,००० ची भाषा करते, काँग्रेस बोनस धरून ७,००० ची. हमीभाव ठरवते केंद्र. राज्याला फक्त वरचा फरक स्वतःच्या खिशातून देता येतो. महायुतीच्या वचनातले हमीभावावर २० टक्के अनुदान म्हणजे क्विंटलला सुमारे ९७८ रुपये, एकूण ५,८७० च्या आसपास. हे गणित जुळते. ७,००० ला क्विंटलमागे २,१०८ रुपये राज्याला घालावे लागतील, आणि त्याची तरतूद कशी ते विचारायला हवे.

भाव कितीही जाहीर झाला तरी माल खरेदी केंद्रावर घेतला गेला पाहिजे. ओलाव्याची अट १२ टक्के होती, केंद्राने आत्ता १५ नोव्हेंबरला ती १५ पर्यंत सैल केली. परतीच्या पावसानंतर शेतातून थेट आणलेल्या सोयाबीनमध्ये ओलावा सहज त्याच्या वर असतो. बारदाना संपला की काटा थांबतो. आणि मदत मिळते ती ई-पीक पाहणीवरून, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीवरून. २०२३ च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० ची मदत दोन हेक्टरपर्यंत दिली गेली, तेव्हा पाहणीची नोंद नसलेले शेतकरी अडकले. सातबाऱ्यावर या हंगामाचे पीक चढले आहे का, ते तलाठ्याकडे आजच पाहा.

मुंबईतून न होणारी कामे

आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा उठवण्याचे आघाडीचे वचन राज्य सरकारच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली आहे. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ चा मराठा आरक्षण कायदा याच कारणाने रद्द केला. बिहारने जातनिहाय पाहणी करून मर्यादा ६५ वर नेली, ती पाटणा उच्च न्यायालयाने जूनमध्ये रद्द ठरवली. तमिळनाडूचे ६९ टक्के टिकून आहेत ते १९९४ मध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून तो कायदा न्यायालयीन आव्हानापासून बऱ्याच अंशी संरक्षण देणाऱ्या नवव्या परिशिष्टात घातल्यामुळे. जातनिहाय पाहणी राज्य करू शकते, मर्यादा तोडायला संसद लागते. फेब्रुवारीत महायुती सरकारने केलेला दहा टक्क्यांचा कायदाही न्यायालयाच्या याच उंबरठ्यावर उभा आहे. ज्यांचे मत आरक्षणावर ठरणार आहे त्यांनी दोन्ही बाजूंना न्यायालयातला पुढचा युक्तिवाद विचारावा.

आघाडीचे २५ लाखांच्या आरोग्य विम्याचे वचन ऐकायला मोठे आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आज सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण आहे आणि बहुतेक उपचार त्यात बसतात. अडते ते तालुक्यात योजनेतले रुग्णालय नसल्यामुळे. वीजबिलात ३० टक्के कपात महायुती सांगते, आघाडी ३०० युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना शंभर युनिटची माफी. दर वीज नियामक आयोग ठरवतो, सरकार अनुदान देऊ शकते, तेव्हा हाही पुन्हा तिजोरीचाच प्रश्न. तरुणांसाठी महायुतीचे १० लाख विद्यार्थ्यांना महिना १०,००० वर्षभर दिले तर १२,००० कोटी होतात. आघाडीच्या ४,००० बेकारी भत्त्याला बेकार कोण धरणार, यावर सगळे अवलंबून आहे.

चेहरे

मुख्यमंत्री कोण, हे दोन्ही बाजूंनी सांगितलेले नाही. एकनाथ शिंदे नोव्हेंबर २०२४ मध्ये पदावर होते, पण सर्वाधिक जागा भाजप लढवत होता. आघाडीत उद्धव ठाकरे यांना चेहरा करण्यावर एकमत झाले नाही. कामाची तुलना मात्र करता येते. फडणवीसांची पाच वर्षे म्हणजे जलयुक्त शिवार, समृद्धी महामार्गाची सुरुवात आणि गाळत गाळत पोचलेली माफी. ठाकरेंची अडीच वर्षे म्हणजे कोविड, सोपी माफी, शिवभोजन थाळी. शिंदेंच्या काळात एक रुपयात पीकविमा आणि लाडकी बहीण. आर्थिक शिस्तीवर मत ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ठाकरे सरकारचे अर्थसंकल्प अजित पवारांनी मांडले आणि महायुतीचा यंदाचाही त्यांनीच. त्या निकषावर दोन्ही बाजू वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

२०१९ ला मते मिळवलेल्या पक्षांपैकी शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३ मध्ये दुभंगली. म्हणून यंदा उमेदवाराला नेत्याइतकेच वजन द्यायला हवे. त्याचे नमुना २६ मधले शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे: गुन्हे, पाच वर्षांचे उत्पन्न, पती-पत्नीची मालमत्ता, सरकारी थकबाकी. २०१९ लाही तोच उभा असेल तर दोन्ही शपथपत्रे शेजारी ठेवा. गुन्हे असतील तर त्याने ते तीनदा वर्तमानपत्रात छापणे आणि पक्षाने त्यालाच का निवडले ते सांगणे बंधनकारक आहे. ‘जिंकण्याची क्षमता’ हे कारण न्यायालयाने पुरेसे मानलेले नाही.

मतदान केंद्रात गेल्यावर नुसत्या नावावर नको, चिन्हावरही नीट नजर ठेवा. धनुष्यबाण शिंदेंकडे, मशाल ठाकरेंकडे, घड्याळ अजित पवारांकडे, तुतारी वाजवणारा माणूस शरद पवारांकडे. लोकसभेला साताऱ्यात तुतारीशी गल्लत होणाऱ्या ट्रम्पेट चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली आणि तुतारीचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. यंत्रावर नावाशेजारी फोटो असतो, तो पाहून बटण दाबा आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागची चिठ्ठी सात सेकंद दिसते तेवढा वेळ तिथेच थांबा.