झीझी प्लांट आणि बिनभोकाची कुंडी: नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत झीझी घेतलं, म्हणजे घरात ठेवायचं एक शोभेचं झाड, पांढऱ्या सिरॅमिक कुंडीसकट ८९९ रुपयांना. पंधरा दिवसांतच रिव्ह्यूत पाच तारे देऊन मोकळी झाले होते. ते तारे परत घेतेय. झाडाचे नाहीत, कुंडीचे.

जुलैत एक दांडी पिवळी पडली. पुण्यातला पावसाळा, आठ-आठ दिवस ऊन नाही, पडली असेल म्हणून सोडून दिलं. आठवड्यात दुसरी गेली आणि तिसरी बुडाशी मऊ होऊन चक्क आडवी झाली. झाडानं मान टाकली की आपण काय करतो? पाणी घालतो. मीही घातलं. इथंच फसायला होतं. मुळं सडली की त्यांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाडसुद्धा तहानलेलं दिसतं.

ऑगस्टमध्ये पेपर अंथरून कुंडी उपडी केली. आधी वास आला, फुलदाणीत चार दिवस विसरलेल्या पाण्याचा असतो तसा. वरची दोन बोटं माती कोरडी ठणठणीत आणि खाली रबडा. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "अगं, या तर अळकुड्या!" बरोबर बोलल्या. अळू, सुरण आणि झीझी एकाच कुळातले. थोड्या वेळानं माझं मनगट खाजायला लागलं तेव्हा नातं पुरतं पटलं. (झीझीतही कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. हातमोजे घाला.)

कंद पाच होते. दोघांत बोट सरळ आत गेलं. मुळाचं टोक चिमटीत धरून ओढलं की तपकिरी साल मोज्यासारखी निघून यायची आणि मागे नुसता दोरा राहायचा. चांगलं मूळ फिकट, टणक असतं, त्याची साल अशी हातात येत नाही. घरात कुठलंही झाड पिवळं पडत असेल तर पानांचे फोटो काढत बसू नका, आधी हे करून बघा.

आता कुंडी. तळाला भोक नाही. सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं की खाली खड्यांचा थर दिलाय, त्यामुळे भोकाची गरज नाही. विकणाऱ्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, तक्रार सात दिवसांत करायला हवी होती." सात दिवसांत मुळं सडून दाखवायची होती का मी?

खड्यांचं हे खूळ कुणी काढलं देव जाणे. बारीक माती आपलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी सोडत नाही. माती पार भिजेपर्यंत पाणी तिच्यातच अडकून राहतं. म्हणजे खडे घालून चिखलाचा थर तळाशी राहण्याऐवजी वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. ओला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. उंची मिळाली तर पाणी खाली उतरतं, आणि इथं खडे घालून मातीची उंचीच कमी केली. शिवाय जे थोडं खाली झिरपलं ते जाणार कुठे? भोक नाही!

उपचार साधे निघाले. सुरी स्पिरिटनं पुसून कंद आतला टणक भाग लागेपर्यंत कापले. जुनी माती फेकली, कंद धुतले आणि दोन दिवस सावलीत सुकवले. सासूबाईंनी हळद लावायला लावली, लावली, पण खरं काम सुरीनं केलं असं माझं मत. नर्सरीतले काका ९० रुपयांची बुरशीनाशकाची पुडी देत होते. नाही घेतली. सडलेलं मूळ औषधानं परत जिवंत होत नाही, ते कापून टाकलेलंच होतं. मग कुंभारवाड्यातून ६० रुपयांची मातीची कुंडी आणली, कंदांपेक्षा दोन बोटंच मोठी. भोकावर खापरी पालथी घातली. जाड वाळू, पर्लाइट (पांढरे हलके दाणे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं सारखं घेतलं. पहिलं पाणी आठवड्यानंतर.

रागाच्या भरात मी तेव्हा रिव्ह्यू बदलून एक तारा केला होता. नंतर हिशेब केला. मी दर रविवारी पाणी घालत होते. एप्रिल-मेमध्ये खपून गेलं, पण जूननंतरही रविवार चुकवला नाही. म्हणजे अर्धा दोष माझा. पण भोक असतं तर माझा अर्धा वाहून गेला असता.

आता विझलेल्या उदबत्तीची काडी मातीत तळापर्यंत खुपसते. ओली निघाली तर पाणी नाही. पावसाळ्यात असे पंचवीस दिवस काढले, झाडाला काही झालं नाही. गेल्या आठवड्यात एक नवा कोंब आलाय, हिरवागार, अजून गुंडाळलेला. गळलेली तीन पानं वाळूत खोचली होती. काल राहवलं नाही म्हणून एक उपटून पाहिलं, तर देठाला वाटाण्याएवढा कंद! सासूबाई ओरडल्या, परत खोचून ठेवलं.

झाडाला पाच, कुंडीला शून्य, पण शून्य देता येत नाही म्हणून एकूण तीन तारे. पांढरी कुंडी टाकवेना. टाइल्सवाल्याकडून ५० रुपयांत भोक पाडून घेतलं आणि तिच्यात मनी प्लांट लावलं. पहिल्याच पाण्याला टीव्हीच्या टेबलावर तळं झालं. बशीसुद्धा दिलेली नाही हे तेव्हा लक्षात आलं. बशी १२० रुपये, वेगळी.