इजिप्त की पॉम्पेई: आधी कुठलं ऑडिओ नाटक ऐकायचं?

'डॉक्टर हू' ही काळात फिरणाऱ्या डॉक्टरची ब्रिटिश मालिका (डॉक्टर तोच, पण रूप आणि नट बदलत राहतात) टीव्हीवर थोडीफार बघून झालीय, आता बिग फिनिश या कंपनीची त्यावरची ऑडिओ नाटकं ऐकायचीयत आणि त्यातही प्राचीन काळातलं काहीतरी हवंय, अशांसाठी माझ्याकडे दोन नावं आहेत. २००१ चं 'द आय ऑफ द स्कॉर्पियन' आणि २००० चं 'द फायर्स ऑफ व्हल्कन'. दोन्ही चार भागांची, आकाशवाणीची नभोनाट्यं ऐकत वाढलेल्यांना लगेच जमतील अशी, फक्त हेडफोन लावा कारण ब्रिटिश उच्चार फास्ट आहेत.

स्कॉर्पियन थेट इजिप्तमधलं. काळ इ.स.पू. १४०० च्या आसपासचा. पाचवा डॉक्टर म्हणजे पीटर डेव्हिसन आणि त्याची सोबतीण पेरी झालेली निकोला ब्रायंट एका मुलीला हल्ल्यातून वाचवतात आणि ती निघते एरिमेम, फॅरो म्हणजे इजिप्तची राजा होऊ घातलेली राजकन्या, बाप आणि भाऊ गेलेले, तिच्या जिवावर उठलेली माणसं जवळच, आणि डॉक्टरला तर या नावाची कुणी फॅरो झाल्याचं आठवतच नाही! मग ही पोरगी गादीवर बसायच्या आधीच मरणार का, हा प्रश्न डोक्यात बसतो तो शेवटपर्यंत.

मला हे फार आवडतं कारण खऱ्या इतिहासातही इथे फट आहे. एरिमेमचा बाप दुसरा अमेनहोटेप, त्याच्यानंतर आला चौथा थुटमोस, आणि या थुटमोसने गिझाच्या स्फिंक्सच्या पंजांमधे एक शिळा उभी केली, त्यावर लिहिलंय की माझ्यावरची वाळू काढ, मी तुला राजा करतो, असं देवाने त्याला स्वप्नात सांगितलं. असा दाखला द्यावा लागला म्हणजे तो मुळात ठरलेला वारस नसावा, असा संशय काही अभ्यासकांनी घेतलाय. आणि हत्शेपसुत ही बाई त्याआधी काही दशकं फॅरो होऊन गेलेली, त्यामुळे एरिमेम अजिबात ओढूनताणून आणलेली वाटत नाही. कॅरोलिन मॉरिसने तिला आवाजही काय दिलाय, आधी हुकूम सोडणारा, मग हळूहळू पेरीशी बरोबरीने बोलणारा. परग्रहवासी भाग मात्र मला तेवढा नाही भिडला, आणि लढाईत सगळे एकदम ओरडायला लागले की कोण कुणाला मारतंय ते नुसतं ऐकून कळत नाही.

व्हल्कनमधे परग्रहवासी नाहीतच. इ.स. ७९, रोमन शहर पॉम्पेई, व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटायला अगदी थोडा वेळ उरलाय. सिल्व्हेस्टर मॅकॉयच्या सातव्या डॉक्टरला माहितीये की १९८० मधे याच राखेखालून त्याची टार्डिस, म्हणजे त्याचं कालयान, खणून काढलेली आहे, म्हणजे आपण इथून सुटलो नाही असं त्याने मनात धरलंय, आणि बॉनी लँगफर्डने केलेली त्याची सोबतीण मेल त्याला हार मानू देत नाही. तिकडे डॉक्टरला पुढचं काहीच माहीत नाही, इकडे नको तेवढं माहिती आहे. ऑडिओला हे दुसरं जास्त मानवतं असं माझं मत, कारण शेवट आपल्यालाही ठाऊक असतो, त्यामुळे बाजारातलं साधं बोलणं ऐकतानाही पोटात गोळा येतो.

इजिप्त इथेही आहे बरं का. पॉम्पेईत इसिस या इजिप्तच्या देवीचं देऊळ खरंच होतं, ६२ च्या भूकंपात पडलं आणि पोपिडियस सेल्सिनस नावाच्या सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने परत बांधलं गेलं, तसा शिलालेखच सापडलाय. तो सेल्सिनस नाटकात मोठा होऊन पात्र म्हणून येतो! फक्त एक, नाटक २४ ऑगस्ट ही जुनी तारीख धरून चालतं, २०१८ मधे सापडलेल्या कोळशाने लिहिलेल्या मजकुरामुळे आता बरेच जण स्फोट ऑक्टोबरमधे झाला असं मानतात.

तर साय-फाय ॲडव्हेंचर, कट, वाळवंट, परग्रहवासी हे हवं असेल तर डोळे मिटून स्कॉर्पियन घ्या. एकच नाटक ऐकणार असाल, पुढे मालिका धरायची नसेल, तर व्हल्कन, नाटक म्हणून तेच जास्त घट्ट आहे आणि तिथल्या तिथे संपतं. एरिमेम मात्र पुढे डॉक्टरबरोबर राहते, ती आवडली तर २००५ चं 'द काउन्सिल ऑफ नायसिया' ऐका, तिथे ही इजिप्तची पोरगी ३२५ सालच्या ख्रिस्ती धर्मसभेच्या भांडणात उतरते, पण ते स्कॉर्पियनच्या आधी नका ऐकू.