दहा वर्षांची वॉरंटी असलेली पीपीएफ सहा महिन्यांत पिवळी पडली, माझे २,४३,००० रुपये गेले

आधी आकडे सांगतो. लोक लाजेने आकडे लपवतात आणि म्हणूनच पुढचा माणूस फसतो. पीपीएफचे, म्हणजे गाडीच्या रंगाला ओरखडे आणि खडी लागू नये म्हणून वर चिकटवतात त्या पारदर्शक फिल्मचे, १,६५,००० रुपये. त्यावर सिरॅमिक कोटिंगचे १८,०००. ती फिल्म काढून घ्यायला २२,०००. काढताना उखडलेलं बॉनेट आणि पुढचा बंपर रंगवायला ३८,०००. एकूण २,४३,०००. वकिलांचे १५,००० यात धरलेले नाहीत.

गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१७ चं मॉडेल, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, पांढरा रंग. सेकंडहँड घेतली, कर्ज काढून घेतली. माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, बापजाद्यांची इस्टेट नाही. घेताना गेज लावून रंगाची जाडी तपासली होती. सगळ्या पॅनेलवर ११० ते १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे कंपनीचाच रंग, कुठेही दुसरा हात नाही. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, त्यामुळे या गाडीचा एखादा पार्ट मिळवायचा म्हणजे दहा फोन करावे लागतात. मूळ रंग जपायचा हा हट्ट होता, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

कोल्हापूर-पुणे हायवेवर जे नेहमी जातात त्यांना वेगळं सांगायला नको. सातारा ते कागल सहापदरीचं काम, जागोजागी वळवलेला रस्ता, उघडे डंपर, सांडलेली खडी. पुढच्या गाडीच्या चाकातून एक खडा सुटतो आणि बॉनेटवर टक्कन आवाज येतो. उतरून बघावं तर रंगाचा टवका उडालेला आणि आतला प्रायमर दिसतोय. दोन महिन्यांत असे पाच टवके मोजले आणि पीपीएफ करायचं ठरवलं.

पुण्यातला स्टुडिओ एका ओळखीच्याने सुचवला. काचेच्या भिंती, पांढरे लाइट, आत दोन जर्मन गाड्या उभ्या. मालकाने फिल्म मूळची हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी निघाली वगैरे सगळं सांगितलं. मग टेबलावर एक काळी डेमो प्लेट ठेवली, तारेच्या ब्रशने खसाखसा ओरखडे काढले आणि किटलीतलं गरम पाणी ओतलं. डोळ्यांदेखत ओरखडे गेले. "दादा, हीच फिल्म तुमच्या गाडीवर." व्हॉट्सअॅपवर एस्टिमेट आलं: एका मोठ्या अमेरिकन ब्रँडचं नाव, टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक), २०० मायक्रॉन, १० वर्षांची वॉरंटी, पूर्ण गाडी. डेमो प्लेटवर खरी फिल्म होती, याबद्दल मला शंका नाही. माझ्या गाडीवर ती लागली नाही, एवढंच. तुम्ही कुठेही गेलात तर ही चाचणी स्वतःच्या गाडीवर लावलेल्या फिल्मच्या कापलेल्या तुकड्यावर करून मागा. नाही म्हणाले तर गाडी बाहेर काढा.

बिलाचं सांगतो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. १८ टक्के जीएसटी धरून १,९४,७०० होत होते. मालक म्हणाला, बिल नको असेल तर १,६५,००० मध्ये करू. २९,७०० रुपयांचा फरक होता. मी ४०,००० यूपीआयने दिले आणि बाकीचे रोख. हो, चूक झाली. पण मी स्वतः धंदा करतो, महिन्याच्या शेवटी पगार करताना तीस हजार रुपये म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि समोरचा माणूस चहा पाजून 'दादा, दादा' करत असतो. त्या वेळी वाटलं तो माझ्यावर उपकार करतोय. आता कळतं, बिल नसण्यात फायदा त्याचाच होता.

आता त्या संध्याकाळचं. नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. गाडी घ्यायला मी कोल्हापूरहून एसटीने गेलो. पोचेपर्यंत साडेसात झाले. एक पोरगा डाव्या आरशाच्या खाली शेवटची कड बसवत होता, हीट गन लावून, जोर लावून. फरशीवर फिल्मचे कापलेले तुकडे पडले होते. त्यातला एक माझ्या बुटाला चिकटला. मी वाकून काढला आणि बोटांत धरला. कडक होता. ओढला तर ताणला गेला, पण परत आखडला नाही, तसाच लांबट राहिला आणि मधे पांढरी रेघ उमटली. नाकाजवळ नेला तर नव्या रेनकोटसारखा वास आला. मी त्या पोराला विचारलं, "हे असं ताठ का आहे?" तो मालकाकडे बघायला लागला. मालक म्हणाला, "थंडी आहे ना दादा, उन्हात सेट होतं." कोपऱ्यात रोलचा खोका उघडा उभा होता. त्यावर जिथे सिरीयल नंबरचा स्टिकर असतो तिथे नुसता फाटलेला कागद होता. त्याबद्दलही विचारलं. "वॉरंटीच्या नोंदणीला मुंबईला पाठवलाय."

मी तो तुकडा खिशात घातला आणि चाव्या घेतल्या.

हे लिहिताना हात थरथरतोय. मी रोज मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस आहे. शॉपवर दोन शतांश मिलिमीटरच्या फरकासाठी मी अख्खा लॉट रिजेक्ट करतो. तो तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी मोजायला मला अर्धा मिनिट लागला असता. पण रात्रीचे आठ वाजलेले, पुढे २३० किलोमीटर जायचं, बायकोचे दोन फोन येऊन गेलेले, आणि लाइटखाली गाडी अशी चमकत होती की शंका घ्यावीशीच वाटली नाही. पैसे देऊन झाल्यावर माणूस आपण बरोबर केलंय याचेच पुरावे शोधतो. तुकडा डॅशबोर्डच्या खणात पडून राहिला.

सिरॅमिकचे १८,००० त्याच रात्री घेतले. "वरून नाइन-एच लावलं की खडीचं टेन्शन नाही." हे धडधडीत खोटं आहे. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. पाणी टिकू देत नाही, धूळ सहज निघते, चमक राहते. दगड थांबवणं त्याचं काम नाही. नाइन-एच ही पेन्सिलीच्या कडकपणाची मोजणी आहे, हिऱ्या-माणकांची नव्हे. दगडाचा मार झेलायला जाड आणि लवचिक थर लागतो, म्हणून चांगली टीपीयू फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते. ती दबते आणि परत वर येते.

जानेवारीत कराडजवळ एक खडा लागला. फिल्म फाटली, खालचा रंगही गेला. स्टुडिओला फोन केला, तर म्हणे, "खडी मोठी असेल दादा." मे महिन्यात बंपरच्या कडा उचलल्या गेल्या आणि त्यात काळी धूळ भरली. गाडी पांढरी असल्यामुळे पिवळेपणा लपला नाही. सूर्यप्रकाशात बॉनेट आणि दाराची आतली कड शेजारी बघितली, तर जुन्या फ्रिजच्या दारासारखा रंग आलेला. घरी पाणी उकळून ओतून बघितलं. एक ओरखडा गेला नाही.

तेव्हा तो तुकडा आठवला. मायक्रोमीटरवर ०.११ मिलिमीटर. ११० मायक्रॉन, तेही गोंदासकट. ही टीपीयू नव्हती, पीव्हीसी होती, रेनकोटचं असतं तसलं साधं प्लॅस्टिक. तिला मऊ ठेवायला प्लॅस्टिसायझर घालतात. ते उन्हात हळूहळू निघून जातं, मग फिल्म कडक होते, पिवळी पडते, तडकते. फिल्म जुनी झाली की काढणं आणखी अवघड, म्हणून संशय आला तर महिने घालवू नका. मी दोन महिने घालवले, मालक "या आठवड्यात करून देतो" म्हणत राहिला म्हणून.

जुलैमध्ये कोल्हापुरातल्याच एका मुलाने स्टीमर लावून तीन दिवसांत ती काढली. चादरीसारखी निघाली नाही, नखाएवढे तुकडे होत होते. बॉनेटच्या पुढच्या कडेला तळहाताएवढा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तिच्याबरोबर आला. त्या मुलाने काम थांबवून मला बोलावलं, दाखवलं, आणि काहीच बोलला नाही. ज्या रंगासाठी हे सगळं केलं तो रंग तिथे संपला. आता त्या बॉनेटवर गेज २६० दाखवतं. विकायला काढली तर घेणारा पहिला प्रश्न अपघाताचा विचारणार.

मग सुरू झाली दारोदार. वॉरंटी कार्ड छान जाड कागदाचं होतं, पण त्यावर रोल नंबरच नाही. ब्रँडच्या वितरकाला फोन केला. "हा स्टुडिओ आमच्या यादीत नाही." हे लेखी द्या म्हटलं तर ईमेलला उत्तर नाही. त्यांच्या नावावर कोणी बनावट माल विकतोय आणि त्यांना दोन ओळी लिहायला जड जातंय! पैसे देण्याआधीच अधिकृत स्टुडिओंची यादी कंपनीकडून तपासा, आणि सील असलेला खोका आपल्यासमोर फोडून सिरीयल नंबरचा फोटो काढा.

कोल्हापुरातल्या पोलीस ठाण्यात गेलो. "प्रकार पुण्यात घडलाय, तिकडे जा." पुण्यात गेलो. "हा सिव्हिल मॅटर आहे." मी सांगितलं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक गुन्हा आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही हद्दीत नोंदवून घ्यावी लागते. त्यावर ठाणे अंमलदार म्हणाले, "साहेब, एवढी महागडी गाडी फिरवता आणि एका प्लॅस्टिकसाठी आमचा वेळ घेता?" हे वाक्य मी विसरणार नाही. महागडी गाडी असली की फसवणूक माफ असते का? उद्या माझ्या गल्लीतला पोरगा आयुष्यभराची बचत घालून सेकंडहँड स्विफ्ट घेईल, तिच्यावर कोणी हीच फिल्म मारेल, तेव्हाही हेच सांगणार? अर्ज घेतला, पोच मागितली तर अर्धा तास उभं केलं. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली, नंबर मिळाला, आणि काही आठवड्यांनी मेसेज आला: समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणूनच तर तक्रार केली होती!

शेवटी ग्राहक आयोगात केस टाकली. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात टाकता येते, पुण्याला जायची गरज नाही, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. माझ्याकडे पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपवरचं एस्टिमेट आणि ४०,००० चा यूपीआय व्यवहार. १,४३,००० रुपये रोख गेले, त्यांचा कागदावर मागमूस नाही. आयोग फिल्मचा नमुना प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो. तोही भरीन. काढलेल्या फिल्मचा एक तुकडासुद्धा फेकू नका, तारीख घालून पाकिटात ठेवा.

मागच्या दोन्ही तारखांना समोरून कोणी आलं नाही. बुटाला चिकटलेला तो तुकडा वकिलांकडच्या पाकिटात आहे. पुढची तारीख १२ मार्च.